दातावरचा डाग आणि बोअरचे पाणी



मीठ, साखर, तुरटी यांचे खडे आपण रोज हाताळतो. त्यांतील कण ठरावीक रचनेत एकावर एक बसलेले असतात, म्हणून त्यांना स्फटिक म्हणतात. तसेच स्फटिक आपल्या हाडांत आणि दातांतही आहेत. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांपासून बनलेल्या या खनिजाचे नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. हाडातला एक स्फटिक म्हणजे दोन ते चार नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर!

हे पापुद्रे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांत रुतलेले असतात. कोंबडीच्या तंगडीचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. खनिज विरघळते, धागे उरतात आणि हाड वाकू लागते. उलट हाड जाळले तर धागे जळतात, खनिज उरते आणि हाड सहज चुरते. बळकटी दोघांच्या एकीत आहे.

हाडाचा जमाखर्च आयुष्यभर चालू असतो. जुने हाड पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवे घडवणाऱ्या वेगळ्या. प्रौढ माणसाचा सुमारे एक दशांश सांगाडा दरवर्षी नवा होतो. म्हणून तर मोडलेले हाड जुळते.

दातावरच्या कवचाचे, म्हणजे इनॅमलचे, तसे नाही. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. परंतु तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात. अक्कलदाढा सोडल्या, तर कायमच्या दातांचे इनॅमल जन्मापासून सुमारे आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आतच तयार होते. तेव्हा राहिलेली उणीव शरीर पुढे भरून काढू शकत नाही.

इथेच पाण्याचा प्रश्न येतो. काही भागांत खडकातले फ्लोराइड भूजलात उतरते. थोडे फ्लोराइड स्फटिकात शिरले, तर दात आम्लाला अधिक दाद देत नाहीत. पण इनॅमल घडत असताना ते जास्त झाले, तर स्फटिक नीट भरत नाहीत, इनॅमल सच्छिद्र राहते. आधी पांढरे चट्टे दिसतात, पुढे पिवळे-तपकिरी डाग पडतात. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की हाडे जड पण सदोष होतात, सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. भारतात या रोगाची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे.

अशा गावातल्या मुलाला शाळेत "दात घासत नाहीस का?" म्हणून हिणवले जाते. मुलगी हसताना तोंडावर पदर घेते. तिच्या लग्नाच्या बोलण्यात दातांचा विषय निघतो. आम्ही स्पष्ट सांगतो, हा डाग अस्वच्छतेचा नाही, कोणाच्या कर्माचाही नाही. तो पाण्याचा आहे. राखुंडीने घासून तो जाणार नाही, उलट दात झिजतील.

मग करायचे काय? पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. आपल्या बोअरचा आकडा किती, हे ग्रामसभेत विचारा. तपासणीचा अहवाल लेखी मागा. पाणी स्वच्छ दिसते, गोड लागते, यावर जाऊ नका. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढते. फडक्याने गाळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकूनही ते जात नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली आहे. परंतु त्याचे प्रमाण जाणकारानेच ठरवावे.

तोवर निदान गरोदर माता आणि आठ वर्षांखालील मुले यांच्या पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी तपासलेल्या, सुरक्षित ठिकाणाहून आणावे. मुलांना कोरा चहा देऊ नये, त्यातही फ्लोराइड असते. दूध, नाचणी, तीळ परवडेल तसे द्यावेत. महिला मंडळांनी हा विषय हाती घ्यावा. मोठ्यांच्या हाडांना उद्याची संधी आहे. बालकाच्या दातांना ती एकदाच मिळते.