सतरंजीवर पोरांना जागा द्या

भिवंडीत यंत्रमाग अचानक थांबले की माणूस दचकतो. 1984 च्या दंगलीत ते थांबले होते. ती शांतता माझ्या कानांतून अजून गेलेली नाही. पुढे 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शिपाई, दुकानदार, माग कामगार एकत्र बसू लागले, हिंदूही आणि मुसलमानही. नळावरचं भांडणसुद्धा तिथंच मिटायचं. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. एकमेकांचं घर ठाऊक होतं ना!

आज शांतता बैठकीला गेलो की समोर माझ्यासारखीच पांढरी डोकी दिसतात. अफवा मात्र पोरांच्या मोबाइलवर येते. मागे एका रात्री ‘चौकात दगडफेक’ असा मेसेज फिरला. आमच्या गल्लीतला कांड्या भरणारा बावीस वर्षांचा पोरगा मोटारसायकल काढून चौकात गेला. चहाची टपरी चालू होती. तिचा फोटो त्यानं ग्रुपवर टाकला, खाली वेळ लिहिली. दहा मिनिटांत सगळं निवळलं. आम्ही म्हातारे तोवर चपला शोधत होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 2015 मध्ये ठराव क्रमांक 2250 मंजूर केला: शांततेच्या निर्णयांत तरुणांना स्थान द्या. आपण मात्र त्यांना सण आला की नोटिसा धाडतो, खुर्च्या लावायला बोलावतो. हे चुकतंय. ठाणेदारांनो, पुढच्या समितीत निम्मी नावं तिशीच्या आतली घ्या. मुलींचीही घ्या. माझी जागा मी सोडायला तयार आहे.