खाण तशी माती?



चित्रपट पाहून आपण घरी परततो, ते एकटेच परततो असे समजू नये. कोणीतरी आपल्या मागोमाग येते आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरात वावरू लागते. हा पाहुणा कधी आरशापुढे उभा राहतो, कधी देवघरात जाऊन बसतो. आणि क्वचित, अगदी क्वचित, आपल्या न्यायबुद्धीशेजारी आसन मांडतो. त्या शेवटच्या पाहुण्याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे.

आरशापुढील पाहुणा सर्वांच्या परिचयाचा आहे. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ प्रदर्शित झाला आणि कपाळावर केसांची झालर सोडलेली साधना पाहून ठिकठिकाणच्या मुलींनी कात्री हाती घेतली. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, तरी ‘साधना कट’ हा शब्द मराठी घरांतही रुळला. देवघरातील पाहुणाही आपण पाहिलेला आहे. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ झळकला, तेव्हा कित्येक स्त्रिया चित्रगृहात चपला काढून बसत, पडद्यावर फुले व नाणी उधळीत आणि घरी येऊन सोळा शुक्रवारांचे व्रत धरीत. शुक्रवारी चिंच आणि दही वरच्या फळीवर गेले, गूळफुटाण्यांचा प्रसाद खाली आला. एका चित्रपटाने आठवड्यातील एका दिवसाचा स्वयंपाकच बदलून टाकला.

केसांची ठेवण बदलणे सोपे. व्रत धरणे त्याहून कठीण. परंतु माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे सर्वांत कठीण. ती आमच्या घरात एका चित्रपटामुळे कशी बदलली, तीही तो चित्रपट आल्यावर अठरा वर्षांनी, याची हकीकत सांगते.

माझे बालपण भिलाईत गेले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात वर्षाला १० लाख टन पोलाद देणारा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज भिलाई छत्तीसगढ राज्यात आहे. परंतु १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून त्या भागाशी मराठी माणसांचा संबंध. त्यामुळे १९५८ साली माझे वडील भंडाऱ्याहून बिछाना व ट्रंक घेऊन मुंबई–हावडा मार्गावरील गाडीत बसले, तेव्हा आपण परदेशी निघालो आहोत असे त्यांना वाटले नाही.

आमच्या वसाहतीत पत्ता म्हणजे सेक्टर, रस्ता आणि क्वार्टरचा क्रमांक. एका भिंतीपलीकडे बंगाली कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे तेलुगू, समोर पंजाबी. येथे कोणी कोणाचे कूळ विचारीत नाही, याचा बाबांना मोठा अभिमान वाटे. मात्र त्या भूमीचे मूळचे लोक, भोवतालच्या खेड्यांतील छत्तीसगढी माणसे, आमच्या रस्त्यावर बहुधा डोक्यावर पाटी घेऊन किंवा भांडीधुण्याच्या कामासाठीच येत. ही गोष्ट आमच्या ध्यानात पुष्कळ उशिरा आली.

बाबांचा आवडता चित्रपट ‘आवारा’. १९५१ च्या डिसेंबरात तो प्रदर्शित झाला, तेव्हा ते नागपुरात शिकत होते. तेथे त्यांनी तो पाच वेळा पाहिला असे ते सांगत. दिग्दर्शक आणि नायक राज कपूर. कथा ख्वाजा अहमद अब्बास व व्ही. पी. साठे यांची. साठे, कलादिग्दर्शक आचरेकर, आईच्या भूमिकेतील लीला चिटणीस आणि लता मंगेशकर, अशी आपली माणसे त्यात असल्याचा बाबा आवर्जून उल्लेख करीत. त्या स्वरांवर अवघ्या भारताचा अधिकार आहे, असे आई म्हणे. तेव्हा ते गप्प बसत.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथेचे सूत्र थोडक्यात सांगितले पाहिजे. न्यायाधीश रघुनाथ यांची अशी ठाम समजूत असते की, सज्जनाचा मुलगा सज्जन आणि चोराचा मुलगा चोरच निपजतो. केवळ दरोडेखोराच्या घरात जन्मला म्हणून त्यांनी जग्गा नावाच्या एका निरपराध माणसाला शिक्षा दिलेली असते. जग्गा तिचा सूड उगवतो. तो रघुनाथांच्या गरोदर पत्नीला पळवून नेतो, आणि ती परतल्यावर लोकापवादाच्या भयाने रघुनाथ तिला घराबाहेर काढतात. झोपडवस्तीत वाढलेल्या त्यांच्याच मुलाला, राजला, जग्गा चोर बनवितो. शेवटी न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात मुलगा उभा राहतो, समोर बाप, आणि बचावासाठी वकील रीता. गुन्हा रक्तातून येत नाही, गलिच्छ गटाराच्या कडेला वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला जे येते त्यातून तो येतो, आणि माझा नव्हे तर त्या मुलांचा विचार करा, असे राज न्यायालयाला सांगतो.

१९५४ साली हा चित्रपट सोव्हिएत संघात दाखविण्यात आला आणि तेथे त्याची ६ कोटींहून अधिक तिकिटे खपली. तुर्कस्तानात १९६४ साली त्यावरून नवा चित्रपट निघाला. चीनमध्येही तो अत्यंत लोकप्रिय झाला. पुढे सोव्हिएत तंत्रज्ञ भिलाईत कामास आले, तेव्हा बाबांना त्यांच्या भाषेतील चार शब्द येत नव्हते आणि त्यांना हिंदीचे चार शब्द येत नव्हते. परंतु त्यांच्यातील एकाने पहिल्याच दिवशी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून ‘राज कपूर’ एवढेच म्हटले आणि शीर्षकगीताची चाल गुणगुणण्यास आरंभ केला. मैत्री जमण्यास तेवढे पुरे झाले. मायदेशी परतताना त्या गृहस्थाने आपले पेन बाबांना आठवण म्हणून दिले.

असा हा चित्रपट आमच्या घरात सर्वत्र भरून राहिला होता. दाढी करताना बाबा तीच चाल गुणगुणत. पगाराच्या दिवशी टोपी किंचित तिरकी करून घरात येत. थोरल्या बहिणीला नायिकेचे नाव मिळाले. आजीला इंदिरा हे नाव हवे होते, ती पुढे कित्येक महिने रुसली होती. एकदा मैदानावर पडदा बांधून ‘आवारा’ दाखविण्यात आला. आम्हांस पडद्याच्या मागील बाजूस जागा मिळाली, त्यामुळे आम्ही सारा चित्रपट उलटा पाहिला; तरी बाबांचा आनंद तिळमात्र कमी झाला नाही. येताना आई मात्र म्हणाली, “सारे चांगले, पण त्या राजने रीताला चापट मारली ते मला आवडले नाही. आपल्या मुलींनी ते शिकू नये आणि पुढे येणाऱ्या जावयांनीही शिकू नये.” आई दोनदाच चित्रपट पाहत असे: एकदा पडद्यावर, एकदा परतीच्या वाटेवर.

१९६९ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्याकडे भांडी घासावयास येणारी बाई आपल्या नऊदहा वर्षांच्या मुलाला बरोबर आणी. तिच्या नवऱ्याने चोरीबद्दल एकदा तुरुंग भोगला होता, हे आमच्या साऱ्या रस्त्याला ठाऊक होते. अशा गोष्टी रस्त्याला कशा ठाऊक होतात, हे मला अजून उमगलेले नाही. एके दिवशी बाबांचे ते पेन टेबलावर नव्हते. घर धुंडाळून झाले, दप्तरे उपडी करून झाली. शेजारच्या एक काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी हलक्या आवाजात म्हटले, “खाण तशी माती. दुसरे काय होणार?”

बाबांनी त्या मुलाला व्हरांड्यात बोलावले. त्याने आपल्या छत्तीसगढीत एवढेच सांगितले की, आपण पेन घेतलेले नाही. बाबांनी पुन्हा विचारले, मग आणखी मोठ्याने विचारले. त्याची आई ओल्या हातांनी मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती काही बोलली नाही. बाबांनी तिसऱ्यांदा विचारले ते, “तुझा बाप कुठे असतो?” असे.

तेव्हा स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. तो मुळीच चढलेला नव्हता. “अहो, आज डोक्यावर टोपी राजची आहे की रघुनाथसाहेबांची?”

बाबा उभे होते ते तेथेच बसले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाने अठरा वर्षे ती चाल गुणगुणली, ज्याने मुलीला त्या कथेतील नाव दिले, त्यालाच कळून आले की आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलो होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला विचारले, “सकाळपासून काही खाल्लेस का?” आईने पोह्यांची बशी बाहेर आणली. मुलाने ती हातात घेतली, पण खाण्यापूर्वी आईकडे पाहिले. तिने मान हलविली, तेव्हा तो खाऊ लागला.

ते पेन पुढे सापडले, असे सांगून ही गोष्ट मला गोड करता आली असती. वाचकहो, ते पेन आजतागायत सापडलेले नाही. संशयही एका दिवसात गेला नाही. काही आठवडे बाबा कपाटाला कुलूप लावीत. आई ते कुलूप पाही आणि काही बोलत नसे. एके दिवशी कुलूप दिसेनासे झाले. त्यानंतर बाबा संध्याकाळी त्या मुलाला आमच्याच पाटीवर बेरीज-वजाबाकी शिकवू लागले, आणि पुढील वर्षी तो आपल्या गावच्या शाळेत जाऊ लागला. दोन वर्षांनी त्या बाईने काम सोडले. तो मुलगा पुढे कोण झाला हे मला ठाऊक नाही. आणि तो कोणी मोठा झाला असता तरच बाबांचे वागणे योग्य ठरले असते, असे मला वाटत नाही.

बाबा एकदा मला कारखान्याविषयी सांगत होते. दल्ली-राजहराच्या खाणींतून तांबडी माती वाघिणींत भरून येते, कोळसा आणि चुनखडीसह झोतभट्टीत पडते, मळी वेगळी होते, लोखंड वेगळे होते, आणि शेवटी त्याच मातीचे रूळ होऊन त्यांवरून देशभर गाड्या धावतात. सांगता सांगता ते थांबले आणि म्हणाले, “रोज हे डोळ्यांनी पाहतो, आणि तरी त्या दिवशी खाण तशी माती हे मला खरे वाटले.” हे ते शरमेने म्हणाले, पण मोकळेपणाने म्हणाले.

या अनुभवातून मला जे उमगले ते आपणांपुढे ठेवते. चित्रपटावर आपला जीव जडतो तो बहुधा नायकावर. अंधारात बसलेला प्रत्येक जण राज असतो. रघुनाथ कोणीच नसतो. घरी आल्यावर मात्र आपल्यापुढे कोणीतरी दुबळे उभे असते, चौकशीचा अधिकार आपल्या हाती असतो, आणि खुर्ची केव्हा बदलली हे आपल्या ध्यानात येत नाही. चाल, टोपी, नाव, केस यांची नक्कल आपोआप होते. विचार मात्र आपोआप घरात येत नाही. योग्य वेळी त्याची आठवण करून देणारे कोणीतरी घरात असावे लागते. आमच्या घरात ती आई होती. चापट नको म्हणणारी तीच आणि न्यायाची आठवण देणारीही तीच. सुपात धान्य पाखडावे तसा तिने चित्रपट पाखडून घेतला होता.

आता सोव्हिएत संघ राहिला नाही, मैदानावरील पडदेही फारसे दिसत नाहीत. चित्रपट प्रत्येकाच्या तळहातावर येऊन बसला आहे, आणि घरातील माणसे तो बहुधा वेगवेगळ्या कोपऱ्यांत पाहतात. म्हणून एक लहानशी विनंती आहे. महिन्यातून एखादा चित्रपट तरी सर्वांनी मिळून पाहावा. तो संपल्यावर “आवडला का?” एवढेच विचारून उठू नये. “यातील कोण आपल्या घरात राहतो?” असेही एकमेकांस विचारावे. उत्तर देताना नायकाकडे बोट लवकर जाईल. ते थोडे थांबवावे.

बाबा दाढी करताना ती चाल अखेरपर्यंत गुणगुणत राहिले. फक्त त्या पावसाळ्यानंतर, आई जवळून गेली की त्यांचा सूर क्षणभर थांबे, आणि मग पुन्हा सुरू होई.