समुद्रात वाराही असतो

वसाहतवादावर मराठीत निबंध लिहावयाचा झाला की समुद्र येतो तो रूपक म्हणून. तो ‘अथांग’ असतो, फार तर ‘सत्तेचा अवकाश’ असतो. त्यात वारा नसतो, आणि कोणते जहाज कोणत्या महिन्यात कोठे होते हेही नसते. नौकांच्या येण्याजाण्याच्या नोंदी हे कारकुनी काम, साहित्याच्या अभ्यासकाने त्यात काय वाचावे, असे आम्हांला चर्चासत्रांतून ऐकवले जाते. या तुच्छतेला आमचा विरोध आहे.

डच आरमाराचेच उदाहरण घ्यावे. जून १६६५ मध्ये लोस्टॉफ्टच्या लढाईत इंग्रजांनी डचांचा दारुण पराभव केला. सरसेनापती ओबदाम आपल्या जहाजाच्या स्फोटात ठार झाला. यावर शौर्य, दुर्बल नेतृत्व, दैव अशी भाष्ये सुचतात. पण मिखिल द रॉयटर त्या दिवशी कोठे होता? १६६४ मध्ये तो चाच्यांच्या बंदोबस्तासाठी भूमध्य समुद्रात होता. तेथेच त्याला गुप्त हुकूम पोहोचला आणि तो पश्चिम आफ्रिकेकडे वळला. इंग्रजांनी घेतलेली ठाणी त्याने परत मिळवली, पुढे बार्बाडोसवर हल्ला केला, न्यूफाउंडलंड गाठले आणि इंग्रजांना चुकवत उत्तरेकडून वळसा घालून ऑगस्ट १६६५ मध्ये तो डेल्फझेलला पोहोचला. पराभवाची कथा जहाजांच्या या गैरहजेरीवाचून अपुरीच राहते, आणि ही गैरहजेरी कळते ती तारखांच्या रुक्ष रकान्यांतून.

आमच्या किनाऱ्यावरही हेच दिसते. १६३६ ते १६४४ या काळात डच आरमार पावसाळा संपला की गोव्यापुढे उभे राही आणि पुढचा पाऊस लागण्यापूर्वी निघून जाई. १६३७ पासून वेंगुर्ल्याची वखार त्याच्या सोयीची होती. येथे सत्तेला ऋतू होते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने ‘सागरी वर्चस्व’ हा शब्द जरा जपून वापरावा.

आकड्यांत माणूस हरवतो, असा आक्षेप येतो. ब्राउन, खास्त्रा आणि शोफर यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सफरींची जी यादी सिद्ध केली, तीत आशियाकडे गेलेल्या सफरी सुमारे ४,७०० आणि परतीच्या सुमारे ३,४०० आहेत. या फरकात बुडालेली जहाजे आहेत, तशी आशियातच राबवून मोडीत काढलेलीही आहेत. या जहाजांतून दहा लाखांच्या आसपास माणसे गेली. निम्मीही परतली नाहीत. माणूस हरवला तो समुद्रावर, बटाव्हियाच्या तापात. यादीने त्याचा निदान हिशेब ठेवला.

अर्थात ही कंपनीची यादी आहे, आरमाराची नव्हे. आरमाराच्या हालचालींची कागदपत्रे तितकी सलग नाहीत. ‘दप्तराचे मौन’ या शब्दप्रयोगावर आमच्या सिद्धान्तप्रेमी मित्रांचा फार जीव. ते येथेही सत्तेने लादलेले मौन शोधू लागतील. त्यांना एवढेच सांगतो की १८४४ साली हेगमधील नौदल मंत्रालयाला आग लागली आणि त्यात नौदलाच्या जुन्या दप्तराचा मोठा भाग जळून गेला.