राहुटीपुरती जमीन

अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादनगरीपासून राजधानी वॉशिंग्टनपर्यंत सुमारे ५४० किलोमीटर लांबीची एक सलग सायकलवाट आहे. तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. तिचा पहिला, सुमारे २४० किलोमीटरचा भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून जातो. हा ‘ग्रेट ॲलेघेनी पॅसेज’ २०१३ साली पूर्ण झाला. उरलेला २९७ किलोमीटरचा भाग म्हणजे चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची जुनी खेचरवाट. माल भरलेले पडाव ओढणारी खेचरे पूर्वी या वाटेने चालत. ही वाट सायकलने पार करावयाची तर वाटेत अनेक मुक्काम करावे लागतात आणि दररोज संध्याकाळी प्रवाशापुढे एकच प्रश्न उभा राहतो : रात्री पथारी कोठे पसरावयाची?

हा सवड असलेल्यांच्या हौसेचा प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु रात्री जमिनीवर पाठ टेकण्यास माणसाला कोणाची परवानगी लागते, या प्रश्नापाशी जमिनीच्या मालकीचा सारा इतिहास येऊन थांबतो.

कालव्याच्या काठी या प्रश्नाचे उत्तर मिळते. काही-काही मैलांच्या अंतराने पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी राखलेले सुमारे तीस तळ तेथे आहेत. थोडी सपाट जागा, एक टेबल, शौचालय आणि हंगामात चालू असणारा हातपंप, एवढीच तेथील व्यवस्था. दीर्घकाळ हे तळ विनाशुल्क चालत आले आहेत. जो आधी येईल त्याने राहुटी ठोकावी आणि एका रात्रीनंतर पुढे जावे, असा साधा नियम आहे. खासगी नफ्याच्या उपासकांनी आदर्श मानलेल्या देशात ही सोय बाजारपेठेने नव्हे, तर सार्वजनिक मालकीने निर्माण केली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

ही मालकी आपोआप आलेली नाही. १८२८ साली कालव्याचे खोदकाम सुरू झाले आणि १८५० मध्ये तो कंबरलँडपर्यंत पोहोचला. तो खोदणाऱ्यांत आयर्लंडहून आलेल्या मजुरांचा मोठा भरणा होता. १८३२ च्या पटकीच्या साथीत त्यांच्यातील अनेक जण दगावले. रोजगाराच्या चढाओढीतून मजुरांच्या दोन गटांत दंगली उसळल्या, तेव्हा १८३४ मध्ये अध्यक्ष जॅक्सन यांनी तेथे लष्कर धाडले. अमेरिकेत कामगारांच्या तंट्यात केंद्रीय सैन्य वापरले जाण्याचा तो पहिला प्रसंग. वाटेच्या दुसऱ्या टोकाला, पिट्सबर्गजवळ, होमस्टेड लागते. १८९२ साली तेथील पोलाद कामगारांनी मालकाने पाठविलेल्या पिंकर्टनच्या भाडोत्री शिपायांशी झुंज दिली होती. तो कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्याच्या जागेवर आज दुकानांची मोठी वसाहत आहे आणि सायकलवाट तिच्या कडेने जाते. श्रमिकांच्या घामाने घडलेली भूमी श्रम संपल्यावर कोणाची व्हावी, याची दोन उत्तरे अशी एकाच वाटेच्या दोन टोकांना पाहावयास मिळतात.

१९२४ च्या पुरानंतर कालव्यावरील वाहतूक थांबली. १९३८ मध्ये केंद्र सरकारने तो रेल्वे कंपनीकडून वीस लाख डॉलरला विकत घेतला आणि बेकारांना काम देणाऱ्या योजनेखाली कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी त्याच्या काही भागाची दुरुस्ती केली. पुढे कालव्याच्या मार्गावरून मोटाररस्ता काढण्याचा घाट घातला गेला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या रस्त्याची तळी उचलून धरणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादकांना आव्हान दिले आणि मार्च १९५४ मध्ये कंबरलँडपासून राजधानीपर्यंत सबंध काठ पायी तुडविला. लोकमत फिरले, रस्ता बारगळला आणि १९७१ साली कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. डग्लस यांचे श्रेय त्यांना द्यावयासच हवे. परंतु जमीन आधीच जनतेच्या मालकीची झाली नसती, तर त्या पदयात्रेला रोखावयास रस्ताच नव्हे, कुंपणेही पुढे आली असती.

याची प्रचीती इतरत्र येते. बंद पडणाऱ्या रेल्वेमार्गांच्या पट्ट्या भावी उपयोगासाठी अखंड राखाव्यात आणि मधल्या काळात तेथे वाटा कराव्यात, अशी कायदेशीर तरतूद अमेरिकेत १९८३ मध्ये झाली. लगतच्या जमीनमालकांनी तिला आव्हान दिले. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, मात्र मालकांना भरपाई मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला. २०१४ मध्ये वायोमिंगमधील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला, की सरकारने १८७५ च्या कायद्याखाली रेल्वेला दिलेला मार्ग सोडून दिला गेला की तेथे सरकारचा हक्क उरत नाही. या वादात लहान शेतकऱ्याचीही एक बाजू आहे. रेल्वेसाठी दिलेली पट्टी मुलांना परत मिळेल, अशी त्याची समजूत होती. समाजवाद्यांनी ती धुडकावून लावू नये. त्याला रास्त भरपाई मिळालीच पाहिजे. परंतु भरपाईचा हक्क म्हणजे शेकडो मैलांची सलग वाट तुकड्या-तुकड्यांनी तोडण्याचा हक्क नव्हे.

नाण्याची दुसरी बाजू याहून कठोर आहे. ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यालगत राज्य उद्यानांत सायकलस्वारांसाठी अल्प दरात खास तळ राखलेले आहेत. त्याच राज्यातील ग्रँट्स पास या गावाने मात्र सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्या बेघरांना दंड ठोठावणारे नियम केले. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते वैध ठरविले. सरकारी गणतीनुसार जानेवारी २०२४ च्या एका रात्री त्या देशात ७,७१,४८० माणसे बेघर होती. राहुटी तीच, रात्रही तीच. ज्याला परतावयास घर आहे त्याची राहुटी सहल ठरते आणि ज्याला घर नाही त्याची राहुटी गुन्हा ठरते.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की प्रवासी सकाळी उठून जातो, बेघर मात्र तेथेच राहतो. म्हणून दोघांना एक न्याय लावता येणार नाही. आक्षेपात तथ्य आहे. राहुटी हे घराचे उत्तर नव्हेच. ‘एक रात्र आणि पुढे’ हा नियम ज्याला पुढे जावयास ठिकाण आहे त्याच्याच बाबतीत अर्थपूर्ण ठरतो. म्हणूनच घर देण्याची जबाबदारी समाजाची आहे. ती न पाळता झोपणाऱ्याला दंड करणे म्हणजे आपल्या अपयशाची शिक्षा दुसऱ्याला देणे होय.

वेगळी व्यवस्था शक्य असते, हे स्कॉटलंडने दाखविले आहे. तेथील २००३ च्या भूसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही, सायकलस्वारालासुद्धा, बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जाण्याचा व तेथे राहुटी ठोकण्याचा हक्क दिला. घरांचे आवार व उभी पिके त्यातून वगळली. लॉक लोमंड परिसरातील काही काठांवर गर्दीमुळे २०१७ पासून हंगामापुरते निर्बंध घालावे लागले, हेही खरे आहे. परंतु तेथे हक्क हा नियम आणि निर्बंध हा अपवाद आहे. खासगी मालकीच्या पूजकांनी रंगविलेला अनर्थ तेथे ओढवलेला नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पंढरीच्या वारीला शतकानुशतके तळ मिळत आले आहेत. १९८५-८६ मध्ये बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवरून गेल्या. अशा यात्रांचा पाया अनोळखी गावात मिळणारी रात्रीची जागा हाच असतो. पण वारकऱ्याला मिळणारे हे औदार्य ऊसतोड मजुराच्या कोपीच्या किंवा भटक्या जमातींच्या पालाच्या वाट्याला क्वचितच येते. जमिनीचे सामायिक हक्क मागताना कार्यकर्त्यांनी प्रवाशाचा तळ आणि बेघराचे घर या दोन मागण्या एकत्र बांधल्या पाहिजेत. पहिली एकटी मागितली तर ती सुस्थितांची सवलत ठरेल. दोन्ही मिळून मागितल्या, तरच पृथ्वीवर पाठ टेकण्याचा माणसाचा साधा हक्क प्रस्थापित होईल.