पत्ता नको, परवान्याचं कारण सांगा

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमधल्या शस्त्र परवान्यांचा विषय पेटला. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने निघाले, अनेक रद्द झाले. ओरड झाली नसती तर?

आता अशी माहिती मागितली तर ‘वैयक्तिक आहे’ म्हणून नकार मिळू शकतो. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) तसं बदललंय.

परवानाधारकाचा पत्ता, मोबाईल नंबर गुप्तच राहावा. यादी व्हॉट्सॲपवर फिरली तर बंदूक कुठल्या घरात आहे ते चोराला आयतंच कळेल. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला ही भीती कशाला?

पण तालुक्यात परवाने किती, कोणत्या कारणासाठी दिले, किती जणांवर गुन्हे आहेत, यात खासगी काय? व्यापक जनहितासाठी माहिती द्यायची सोय कलम 8(2) मध्ये अजून आहे. अर्जात ते कलम लिहाच.