फक्त सोनं वाजलं पाहिजे!

परवा गावाहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, मशीन घेतलंय. खालच्या शेतात फिरवणार आहे. सेटिंग काय ठेवू? फक्त सोनं वाजलं पाहिजे."

आता सांगायला हवं, की मी राहतो इंग्लंडात, केंटमध्ये. पीक निघालं की शेतकऱ्याची परवानगी काढून रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन त्याच्या शेतात फिरतो. घरात या छंदाची यथेच्छ टिंगल होते ("आले भंगारवाले!"). त्यामुळे कुणीतरी सल्ला मागितला म्हणून आधी अंगावर मूठभर मांस चढलं. मग ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि डोकं फिरलं.

अरे, अशी सेटिंग नसते! मशीनला सोनं कळत नाही. जमिनीतल्या धातूतून वीज कशी वाहते त्यावरून ते एक आकडा दाखवतं, बस. नाजूक अंगठीचा आणि चॉकलेटच्या चांदीचा आकडा एकच येऊ शकतो. कचरा नको म्हणून तो आकडा बंद केलास, की अंगठीही गेली.

त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे लोखंड बंद करणं. नवीन माणूस मशीन हातात आलं की पहिलं काम हेच करतो. डिस्क्रिमिनेशन वर, सेन्सिटिव्हिटी फुल्ल, आणि निघाली स्वारी! मीही तेच केलं. एका कुंपणाकडेचा कोपरा तीन महिने तुडवला, हाती शून्य. मग वैतागून लोखंडाचा आवाज सुरू केला, तर तिथे नुसती कुरकुर. खिळेच खिळे. म्हणजे इथे कधीतरी घर नाहीतर गोठा असणार! माणसं होती म्हणजे त्यांच्या हातून काहीतरी पडलंही असणार. चाल हळू केली, खिळ्यांच्या गर्दीतून एक बारीकसा गोड आवाज आला. गुळगुळीत झालेलं तांब्याचं नाणं. किंमत फार तर दोन पौंड, पण तो दिवस मी विसरणार नाही. आधी ते वाजलं नव्हतं, कारण शेजारचा खिळा गप्प करता करता मशीन नाण्यावरून पुढे निघून जात होतं.

तेव्हा भाचेबुवा, सेटिंग घ्या लिहून. धातू नसलेली जागा बघून कॉइल वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा, माती गप्प होईपर्यंत. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात चुंबकीय कण भरपूर, त्यामुळे हे टाळलंत तर मशीन दिवसभर खोटंच बोलेल. मग सेन्सिटिव्हिटी बडबड थांबेपर्यंत खाली आणा. फुल्ल ठेवल्यानं खोल दिसतं हा भ्रम आहे, त्या गोंगाटात खरा आवाज बुडतो. ताज्या नांगरटीत ढेकळांमुळे कॉइल उंच राहते, कुळव फिरल्यावर जा. आणि लोखंड ऐका!

पण माझं खरं भांडण सेटिंगशी नाहीच. मार्च २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा पाहून बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणत सुटले होते, मुघलांच्या मोहरा मिळतील म्हणून. 'फक्त सोनं' हीच सेटिंग! त्या खड्ड्यांतून फेकलेल्या मातीत कुणाच्या घराच्या खुणा होत्या का, हे आता कुणालाच कळणार नाही.

इकडे २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका नांगरलेल्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा मोठा साठा डिटेक्टरवरच सापडला. सापडणाऱ्यानं कळवलं, पुरातत्त्ववाले आले, रीतसर उत्खनन झालं आणि ३२.८५ लाख पौंड तो आणि जमीनमालक यांच्यात वाटले गेले. आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. शेत आपलं आहे म्हणून गुपचूप कपाटात नाही ठेवायचं.

भाच्याला हे सगळं पाठवलं. उत्तर आलं, "मामा, तू फारच सीरियस झालास."

झालो! ताई, तू हे वाचत असशील तर त्याला नांगराच्या फाळाच्या खाली खणू देऊ नकोस. आणि पहिला गंजका खिळा सापडला की मला फोटो पाठव म्हणावं.