फ्रेंच नावे सगळीच लॅटिन नव्हेत

गेल्या अंकातील पत्रात फ्रेंच नावे सरसकट लॅटिन ठरवली आहेत, ते बरोबर नाही. रने, म्हणजे पुनर्जन्म पावलेला, हे नाव लॅटिन खरे; पण लुई, शार्ल, आंरी, गियोम ही राजेसरदारांची नावे जर्मानिक मुळांची आहेत. लुईच्या मुळाशी तर कीर्ती आणि युद्ध हे अर्थ आहेत.

नाव निवडण्याचे स्वातंत्र्यही फ्रान्समध्ये फार जुने नाही. १८०३च्या कायद्याने दिनदर्शिकांतील आणि प्राचीन इतिहासातील नावांपुरतीच मुभा दिली होती. त्यावर बोट ठेवून अधिकारी ब्रेटन या प्रादेशिक भाषेतील नावे नाकारत. १९६६मध्ये नियम सैल झाले, १९९३मध्ये बंधन उठले. आजही नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटल्यास नोंदणी अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो. मूळ मुद्दा एवढाच: भाषेचा वंश तोच नावाचाही, असे पत्रलेखकांनी गृहीत धरू नये.

– एक वाचक